सामायिक लेखनातील फेरफारांची नोंद : पद्धती, अडचणी व उपाय

गावातील जमिनीचा सातबारा उतारा ग्रामीण शिक्षकांच्या परिचयाचा असतो. त्या उताऱ्यावर खातेदारांच्या नावांशेजारी लहान आकडे लिहिलेले दिसतात. ते फेरफार क्रमांक होत. जमीन विकली गेली, वारस लागले, वाटणी झाली, की तो बदल प्रथम गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत क्रमांकासह व कारणासह लिहिला जातो. संबंधितांच्या हरकती मागविल्या जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. हरकत आली, तर प्रकरण गाव नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला कंस करतात. कोणता बदल केव्हा व कशामुळे झाला, याचा माग अनेक वर्षांनंतरही काढता येतो, तो या शिस्तीमुळेच.

शाळेच्या जनरल रजिस्टरलाही हाच दंडक लागू असतो. विद्यार्थ्याच्या नावात किंवा जन्मतारखेत चूक आढळली, तरी मुख्याध्यापकास ती मनास येईल तशी खोडता येत नाही. रीतसर मंजुरी घेऊनच दुरुस्ती करावी लागते. परंतु हेच शिक्षक संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वाचनपाठ, प्रश्नपत्रिका, कृतिपत्रिका तयार करू लागले, की ही शिस्त मागे पडते असे दिसून येते. ती तेथे कशी आणावी आणि आणताना येणाऱ्या अडचणींचे निवारण कसे करावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

केंद्रातील शिक्षण परिषदेत सर्वांनी मिळून इयत्ता तिसरीचे वाचनपाठ तयार करावयाचे ठरले, असे समजू. एका शिक्षकाने फाईल तयार करून गटावर पाठविली. दुसऱ्याने तीत दुरुस्ती करून ‘अंतिम’ या नावाने परत पाठविली. तिसऱ्याने दुरुस्ती केली ती मूळ फाईलमध्ये. कारण ‘अंतिम’ त्याला मिळालीच नव्हती. आठवडाभरात ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम दुरुस्त’ आणि ‘हेच घ्यावे’ अशा चार फायली फिरू लागतात. एका शाळेत मुले दुरुस्त पाठ वाचतात, तर शेजारच्या वस्तीशाळेत चुकीचा. हा दोष कोणा एकाचा नसतो. कोणत्या प्रतीत कोणी, काय व का बदलले, हे सांगणारी नोंदवहीच नसणे, हे त्याचे मूळ आहे.

सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांना या प्रश्नाचे महत्त्व अधिक सांगावयास नको. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्या कार्यासाठी त्यांना २०२० सालचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले व त्या रकमेचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटून दिला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. या कोडचा विशेष असा की, छापलेले पान तेच राहते. पण त्यामागील पाठ, चित्रफीत किंवा प्रश्नसंच केव्हाही बदलता येतो. छापील पुस्तकात चूक राहिली, तर ती निदान सर्व प्रतींत सारखी असते आणि शुद्धिपत्र काढता येते. कोडमागील पाठ बदलला, तर काल मुलांनी काय वाचले आणि आज काय वाचत आहेत, हे पानाकडे पाहून कळत नाही. म्हणून बदल करणे जितके सोपे, तितकी त्याची नोंद अधिक आवश्यक ठरते.

२. जुनी परंपरा

एकाच ग्रंथाच्या अनेक प्रतींत फरक पडणे ही अडचण नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नकला हातोहात होत गेल्या आणि पाठांत भेद शिरले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांनी शेवटी शुद्धीकरणाचे वर्ष नोंदविले आणि यापुढे कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत, असेही बजावले. कोणी केले, केव्हा केले, का केले आणि पुढे काय करावे, या चारही गोष्टी त्या नोंदीत आहेत. उत्तम फेरफार-नोंदीचा हा नमुनाच म्हणावयास हवा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये संपादनाची धुरा घेतली. १२५९ हस्तलिखिते तपासून हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. या आवृत्तीत स्वीकृत पाठ वर छापला असून न स्वीकारलेले पाठभेद खाली टिपांत दिलेले आहेत. संपादकांचा निर्णय पुढील अभ्यासकास मान्य झाला नाही, तर त्याला सर्व साधने हाताशी मिळतात. निर्णय घ्यावा, पण टाकलेला पाठ नष्ट करू नये, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

३. गिट हे साधन

संगणकावरील लेखनासाठी हे तत्त्व पाळणाऱ्या प्रणालींस आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अशी पहिली प्रणाली तयार झाली. आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली ‘गिट’ ही होय. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती निर्माण केली. जगभर पसरलेल्या हजारो प्रोग्रामरांना एकाच लेखनात बदल करता यावेत, हा तिचा हेतू होता. प्रोग्राम काय आणि वाचनपाठ काय, दोन्ही शेवटी ओळींनी बनलेले लेखनच असल्यामुळे ती शिक्षकांच्याही उपयोगी पडते. ती विनामूल्य मिळते.

तिची रचना फेरफार नोंदवहीच्या आधारे सहज समजते. ज्या फोल्डरमध्ये पाठ ठेवले आहेत, तो सातबाऱ्यासारखा : आजची स्थिती दाखविणारा. त्याच्या आत एक लपलेली नोंदवही असते. प्रत्येक बदल तीत नाव, दिनांक, वेळ व कारण यांसह नोंदविला जातो. या नोंदीस ‘कमिट’ म्हणतात. संपूर्ण भांडारास ‘रिपॉझिटरी’ ही संज्ञा आहे. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षर-अंकांची खूण मिळते. ही खूण त्या नोंदीतील मजकुरावरून व तिच्या आधीच्या नोंदीच्या खुणेवरून गणिताने निघते. त्यामुळे मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर तिच्यापुढील सर्व खुणा बदलतात आणि इतरांकडील प्रतींशी मेळ बसत नाही.

आणखी दोन गुण ग्रामीण शाळेस विशेष सोयीचे आहेत. पहिला असा की, नोंद करण्यास इंटरनेट लागत नाही. वीज व रेंज यांची शाश्वती नसलेल्या वस्तीशाळेतही दिवसभर नोंदी करता येतात व केंद्रशाळेत आल्यावर त्या सामायिक भांडाराकडे पाठविता येतात. दुसरा असा की, प्रत्येक शिक्षकाकडे केवळ आजची फाईल नसते, तर सर्व इतिहासासह पूर्ण नोंदवही असते. एका शाळेचा संगणक बिघडला, तरी तेथून पाठविलेले काम इतरांकडे सुखरूप असते.

४. दैनंदिन कामाचा क्रम

गिटच्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. खिडकीतील बटणे दाबून काम करण्याची साधनेही मिळतात. पण क्रम हाच राहतो.

(अ) काम सुरू करण्यापूर्वी ‘गिट पुल’ ही आज्ञा द्यावी. इतरांनी केलेले बदल आपल्याकडे येतात. बहुतेक तंटे हा नियम न पाळल्यामुळे उद्भवतात.

(आ) एका वेळी एकच काम हाती घ्यावे. पाठ चौथ्यातील शब्द सुधारावयाचा असेल, तर त्याच हाताने पाठ नववा नव्याने लिहू नये. दोन कामांच्या दोन नोंदी व्हाव्यात. पुढे एक बदल मागे घ्यावा लागला, तर दुसरा सुरक्षित राहतो.

(इ) बदल झाल्यावर ‘गिट स्टेटस’ने कोणत्या फायली बदलल्या ते व ‘गिट डिफ’ने कोणत्या ओळी बदलल्या ते पाहावे. उत्तरपत्रिका देण्यापूर्वी ती पुन्हा वाचण्यास मुलांना सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

(ई) ‘गिट ॲड’ने नोंदवावयाच्या फायली निवडून ‘गिट कमिट’ने नोंद करावी. नोंदीत कारण लिहावे. ‘बदल केले’ हा शेरा निरुपयोगी होय. ‘पाठ ४ : जोडाक्षरे कमी केली; तिसरीच्या आरंभी मुले अडखळतात’ हा शेरा दोन वर्षांनी नव्याने आलेल्या शिक्षकासही उपयोगी पडेल.

(उ) काम संपल्यावर पुन्हा ‘गिट पुल’ व मग ‘गिट पुश’ करावे, म्हणजे आपल्या नोंदी सामायिक भांडारात जातात.

(ऊ) प्रयोग करावयाचा असल्यास ‘ब्रँच’ म्हणजे शाखा काढावी. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत घरी कन्नड बोलणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी पाठात वेगळे साह्य द्यावयाचे असेल, तर ते स्वतंत्र शाखेत लिहून वर्गात वापरून पाहावे. उपयुक्त ठरले, तर मुख्य शाखेत मिळवावे. न ठरले, तर मुख्य पाठास धक्का लागत नाही.

एकाच शाळेच्या संगणकावर दोघे-तिघे काम करीत असतील, तर काम करणाऱ्याने आपले नाव ‘गिट कॉन्फिग’ने आधी नोंदवावे. अन्यथा सर्वांच्या नोंदी एकाच्याच नावावर पडतात आणि नोंदवहीचा निम्मा उपयोग नाहीसा होतो.

५. देवनागरी लेखनासाठी पूर्वतयारी

मराठीत काम करताना काही अडचणी अशा येतात, की ज्यांचा उल्लेख परकीय मार्गदर्शिकांत क्वचितच आढळतो.

पहिली गोष्ट, सर्व लेखन युनिकोडमध्ये असावे. जुन्या छपाईच्या फाँटमध्ये केलेले लेखन पडद्यावर मराठी दिसले, तरी आत ती रोमन अक्षरेच असतात. ‘गिट डिफ’मध्ये ती अगम्य दिसतात. असे जुने पाठ आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच भांडारात घ्यावेत.

दुसरी गोष्ट, फाईलचे नाव देवनागरीत ठेवल्यास गिट ते नाव उलट्या तिरक्या रेघा व अंक यांच्या रूपात दाखविते. नवशिक्यास वाटते की फाईल बिघडली. तसे काही नसते. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे मूल्य ‘फॉल्स’ केले, की नाव मराठीत दिसू लागते.

तिसरी गोष्ट विशेष सूक्ष्म आहे. ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ या शब्दांतील अर्धा र दोन कळपट्ट्यांवर दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाच्या लेखी ती भिन्न अक्षरे ठरतात. त्यामुळे काहीच न बदललेली ओळ बदललेली म्हणून दिसते. गटातील सर्वांनी एकच कळपट्टी वापरण्याचे ठरविणे, हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय.

चौथी गोष्ट, विंडोज व लिनक्स या प्रणाली ओळीचा शेवट वेगवेगळ्या खुणेने दर्शवितात. एका शब्दाची दुरुस्ती केली असता संपूर्ण फाईल बदललेली दिसली, तर कारण बहुधा हेच असते. भांडारात ‘गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाईल ठेवून ओळींचा शेवट सर्वांसाठी एकसारखा ठरवून द्यावा.

पाचवी गोष्ट, पाठ शक्यतो साध्या मजकुराच्या फायलींत लिहावेत व प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर ठेवावे. गिट ओळीनुसार तुलना करीत असल्यामुळे बदल नेमका दिसतो. वर्ड, एक्सेल अथवा चित्रांच्या फायली गिट सांभाळते. परंतु दोघांनी एकाच वेळी केलेले त्यांतील बदल ते एकत्र करू शकत नाही. अशा फाईलवर एका वेळी एकानेच काम करावे.

६. दोघांनी एकच ओळ बदलल्यास

गाव नमुना सहा-अ चा प्रसंग येथेही येतो. त्याला ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. उदाहरण घेऊ. वाचनपाठातील पहिली ओळ आहे, ‘शेतात ज्वारी उभी आहे.’ मंगळवेढ्याच्या गुरुजींनी ती बदलून ‘शेतात जोंधळा उभा आहे’ अशी केली. कारण त्यांच्या मुलांच्या तोंडी तोच शब्द आहे. अक्कलकोटच्या बाईंनी त्याच ओळीचे ‘शेतात जोळ म्हणजे ज्वारी उभी आहे’ असे केले. कारण त्यांच्या वर्गातील कन्नड घरांतील मुलांना जोळ हा शब्द आधी येतो. बाईंनी आपले काम आधी पाठविले. गुरुजी आपले मिळवू लागले, तेव्हा गिट थांबले.

अशा वेळी फाईलमध्ये कोनी चिन्हांच्या सात-सात खुणा दिसतात. वरच्या खुणेपासून मधल्या बरोबर-चिन्हांच्या ओळीपर्यंत आपला मजकूर असतो व तेथून खालच्या खुणेपर्यंत दुसऱ्याचा. ही बिघाडाची निशाणी नव्हे. दोन मते आहेत, निर्णय माणसांनी घ्यावा, एवढेच गिट सांगत असते. गोंधळ वाटल्यास ‘गिट मर्ज’ला ‘ॲबॉर्ट’ जोडून पूर्वस्थितीस परतावे आणि शांतपणे पुन्हा आरंभ करावा.

येथे सर्वांत मोठी चूक होते, ती म्हणजे दुसऱ्याचा मजकूर पुसून आपला ठेवणे व पुढे जाणे. तसे करण्यास यंत्राची हरकत नसते. पण अक्कलकोटच्या वर्गातील मुलाचा शब्द त्याच्या पाठातून नाहीसा होतो आणि बाईंना ते कळतही नाही. गुरुजींनी बाईंशी बोलावे, हाच योग्य मार्ग. त्या बोलण्यातून असे ठरू शकेल की, पाठात ‘ज्वारी’ हाच शब्द ठेवावा आणि शिक्षकांसाठी खाली एक ओळ जोडावी : ‘घरी या पिकास काय म्हणतात ते मुलांना आधी विचारावे, जोंधळा, जोळ.’ दोन्ही मतांहून हा पाठ सरस झाला. त्यानंतर खुणांच्या ओळी काढून टाकाव्यात, पाठ वाचून पाहावा, आणि नोंदीत निर्णयाचे कारण लिहावे.

याहून सावध राहण्याचा प्रसंग आहे, तो गिट मुळीच थांबत नाही तेव्हाचा. समजा, गुरुजींनी पहिल्या ओळींत ‘ज्वारी’चा ‘जोंधळा’ केला व पुढील क्रियापदेही जुळवून घेतली. बाईंनी पहिल्या ओळींना हात न लावता पाठाच्या अगदी शेवटी ‘तिची कणसे भरली आहेत’ ही नवी ओळ घातली. दोन बदल दूरच्या ओळींत असल्यामुळे गिट ते बिनतक्रार एकत्र करते. परंतु पाठ आता ‘जोंधळा उभा आहे’ने सुरू होतो आणि ‘तिची कणसे’ने संपतो. यंत्र ओळी जुळविते, व्याकरण जुळवीत नाही. म्हणून मर्ज झाल्यावर संपूर्ण पाठ एकदा मोठ्याने वाचावा. वाचनाची ही जबाबदारी केंद्रातील एका शिक्षकाकडे पाळीपाळीने द्यावी.

७. नेहमीच्या अडचणी व त्यांवरील उपाय

(१) फाईल बिघडली, पण अद्याप नोंद केलेली नाही. ‘गिट रिस्टोअर’ने त्या फाईलचे शेवटचे नोंदलेले रूप परत मिळते. मात्र नोंद न केलेले सर्व बदल कायमचे जातात. ही आज्ञा देण्यापूर्वी ‘गिट डिफ’ अवश्य पाहावे.

(२) नोंद केली, पण शेऱ्यात चूक राहिली किंवा एक फाईल राहून गेली. नोंद अद्याप पाठविली नसेल, तर ‘गिट कमिट’ला ‘अमेंड’ जोडून शेवटची नोंद सुधारता येते. पाठविली असेल, तर ती तशीच ठेवून दुसरी नोंद करावी.

(३) पाठविलेला बदल चुकीचा निघाला. ‘गिट रिव्हर्ट’ वापरावे. त्या बदलाच्या उलट बदल करणारी नवी नोंद तयार होते. जुनी नोंद जागेवरच राहते. नावाला कंस करण्याचाच हा प्रकार आहे.

(४) ‘गिट पुश’ नाकारले गेले. आपण काम करीत असताना दुसऱ्याने आपले काम पाठविले, एवढाच याचा अर्थ. ‘गिट पुल’ करून, एकत्र झालेला पाठ वाचून, मग पुन्हा ‘पुश’ करावे. ‘फोर्स’ हा शब्द जोडून बळाने पाठविण्याचा मोह टाळावा. कारण त्यामुळे सामायिक भांडारातील दुसऱ्याच्या नोंदी बाजूस पडतात.

(५) काम अर्धवट असताना दुसऱ्या शाखेत तातडीने जावे लागले. ‘गिट स्टॅश’ने अर्धवट काम बाजूस ठेवता येते व ‘गिट स्टॅश पॉप’ने परत घेता येते. नव्याने तयार केलेल्या, कधीच न नोंदलेल्या फायली त्यात आपोआप जात नाहीत, हे ध्यानात असावे. स्टॅश ही टेबलाच्या खणातील जागा समजावी, कपाट समजू नये.

(६) ‘डिटॅच्ड हेड’ असा इशारा आला. जुनी नोंद उघडून पाहताना असे होते. नुसते पाहावयाचे असेल, तर चिंता नाही. तेथे बदल करावयाचा असल्यास आधी ‘गिट स्विच’ने नवी शाखा काढावी. अन्यथा ते काम कोणत्याही शाखेत न राहता लोंबकळत राहते.

(७) नोंदलेले काम नाहीसे झाल्यासारखे वाटते. अशा वेळी घाबरून फोल्डर पुसू नये. ‘गिट रिफ्लॉग’ ही आज्ञा त्या संगणकावरील अलीकडील हालचालींची यादी दाखविते. तीतून हरवलेल्या नोंदीची खूण सापडते व त्या खुणेवरून शाखा काढून काम परत मिळविता येते. कोणत्याही शाखेत नसलेल्या नोंदींसाठी ही सवलत सामान्यतः ३० दिवसांची असते. शोध लवकर घ्यावा.

या सातही उपायांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. ज्या कामाची नोंद झाली, ते बहुधा परत मिळते. ज्याची झाली नाही, ते गेल्यास बहुधा कायमचे जाते. म्हणून नोंदी लहान व वारंवार असाव्यात.

८. भांडारात काय ठेवू नये

काहीही न पुसणे हा या पद्धतीचा गुण एका ठिकाणी धोका ठरतो. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी, बँक खाती, तसेच संकेतशब्द असलेली फाईल भांडारात कधीही ठेवू नये. चुकून ठेवली व दुसऱ्या दिवशी काढून टाकली, तर ती आजच्या पानावर दिसत नाही. परंतु मागील नोंदीत जशीच्या तशी राहते आणि भांडाराची प्रत घेतलेल्या प्रत्येकाकडे जाते. अशा फायलींची नावे ‘गिटइग्नोअर’ या फाईलमध्ये आधीच लिहून ठेवावीत, म्हणजे ‘गिट ॲड’ त्यांना उचलत नाही. तरीही चूक घडली, तर नुसती फाईल पुसून समाधान मानू नये. वरिष्ठांना त्वरित कळवावे, संकेतशब्द लगेच बदलावेत आणि जाणकाराच्या साह्याने इतिहासातून तो भाग काढवून घ्यावा. येथे इतिहास पुसणे हे कर्तव्यच ठरते. कारण मुलांची माहिती ही शिक्षकाकडे विश्वासाने दिलेली ठेव आहे.

उपसंहार

ही पद्धती आरंभी थोडी जड वाटेल. म्हणून प्रथमतः एकाच केंद्रातील दोन-तीन शिक्षकांनी, एकाच इयत्तेचे पाच पाठ घेऊन, एक महिना हा क्रम पाळून पाहावा. महिन्याअखेरीस शिक्षण परिषदेत ‘गिट लॉग’ म्हणजे नोंदवही सर्वांसमोर वाचावी. कोणत्या पाठात किती वेळा व कोणत्या कारणाने बदल झाला, हे कळल्यावर मुले कोठे अडखळतात, याचीही आयतीच माहिती हाती येईल.

चांगल्या पाठास हात लावण्यास अनेक शिक्षक धजत नाहीत, कारण बिघडला तर काय, ही भीती त्यांच्या मनात असते. दुसऱ्याने आपले काम पुसले तर, या शंकेने काही जण आपले पाठ कोणास देतच नाहीत. मागील पान सुरक्षित आहे आणि प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचे नाव व कारण आहे, अशी खात्री झाली, म्हणजे ही भीती व ही शंका दोन्ही मावळतात. बदली होऊन शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला, तरी त्याने मुलांसाठी केलेला विचार त्याच्या नोंदींतून शाळेत मागे राहतो. नव्याने आलेल्या शिक्षकास मग कोऱ्या पाटीवर आरंभ करावा लागत नाही.